तळ्याला निधी मिळेल, राखण कोण करणार?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

जिल्ह्यातल्या गावतळ्यांच्या सुशोभीकरणासाठी निधी मिळणार, ही बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. तेव्हापासून मनात घोळतंय ते लिहून पाठवतो आहे. निधीला माझा विरोध नाही. पण आमच्या गावच्या तळ्याला असा निधी एकदा येऊन गेला आहे आणि त्यानंतर काय झालं ते मी रोज पाहतो. पुढच्या गावांनी तरी आधी विचार करावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी मालवण तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या नळपाणी योजनेवर पंपचालक आहे. २३ वर्षं झाली. पहाटे साडेपाचला विहिरीवर जायचं, बॅटरी मारून आत पाणी किती आहे ते बघायचं, मोटर चालू करायची आणि टाकी भरली की व्हॉल्व्ह फिरवून एकेका वाडीला पाणी सोडायचं. विहीर चिऱ्यांनी बांधलेली आहे. नोकरीला लागलो त्या वर्षीच मी आत उतरून प्रत्येक थरावर तांबड्या ऑइलपेंटने आकडा घातला. पाणी कुठल्या थराला आहे ते रोज वहीत लिहितो. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण लिहायला लागलो आणि सुटलं नाही. पहिल्या काही वर्षांत मे महिन्याच्या शेवटीसुद्धा पाणी नवव्या थराच्या खाली गेल्याची नोंद नाही. आता एप्रिलच्या मध्यालाच बाराव्या थरावर येतं आणि मेमध्ये मोटर हवा ओढायला लागते. मग एका वाडीला एक दिवसाआड पाणी. त्यावरून बायकांची बोलणी मी ऐकतो आणि ती बरोबरच असतात.

ही विहीर तळ्याच्या बांधाखाली पन्नास-साठ पावलांवर आहे. तळ्यातलं पाणी बांधातून पाझरत विहिरीला येतं. त्यामुळे विहिरीचं दुखणं विहिरीत शोधून उपयोग नाही, ते वर तळ्यात आहे.

आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. घाटावरच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते विचारतात, मग उन्हाळ्यात तुमच्याकडे टँकर कशाला लागतो? सडा म्हणजे डोंगरावरचं पठार, ते कातळाचं, खाली सगळा जांभा. चार महिन्यांत पडलेलं पाणी व्हाळाने, म्हणजे ओढ्याने, सरळ कर्ली नदीला आणि तिथून देवबागला समुद्राला जातं, नाहीतर जांभ्याच्या भोकाभोकांतून निघून जातं. आपल्या पूर्वजांना हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी जागोजागी तळी बांधली. धामापूरचा तलाव १५३० सालचा. विजयनगरच्या राजांचे मांडलिक नागेश देसाई यांनी दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून तो केला. आज पाचशे वर्षं होत आली तरी मालवण शहर त्याचं पाणी पितं. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. पण एक गोष्ट बोलली गेली नाही. मातीचा बांध नुसता बांधून एवढी वर्षं टिकत नाही. वर्षानुवर्षं कोणीतरी त्यावरची झाडंझुडपं काढली असतील, खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवली असतील, मोरी साफ केली असेल.

आमच्या तळ्यापुरतं सांगायचं तर हे काम पाळीने होत असे. गावात सात वाड्या. शिमगा झाला की एकेका वाडीची पाळी लागायची. घरटी एक माणूस, सोबत घमेलं किंवा खोरं. पहिल्या दोन वाड्या गाळ काढायच्या, पुढच्या दोन बांध बघायच्या, बाकीच्या पाट आणि व्हाळ साफ करायच्या. गाळ ज्याला हवा तो आपल्या मळ्यात नेई, त्याच्यासारखं खत नाही. ज्या घरातून माणूस आला नाही त्या घराने देवळात नारळ आणि पाच रुपये ठेवायचे. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुपारी तळ्याकाठी करंजाच्या सावलीत सगळ्यांना पेज मिळायची, म्हणून आम्ही पोरंही घमेली उचलायला जात असू. तळ्याच्या पाण्यावर खालच्या मळ्यात वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भात व्हायचं, त्यामुळे प्रत्येकाचा जीव त्या पाण्यात गुंतलेला होता.

मग मळे पडीक पडले. तरुण मुंबईला गेले. नळ घरात आला आणि पाणी ही ग्रामपंचायतीची जबाबदारी झाली. त्यात माझी नोकरीही आली, हे मी नाकारत नाही. पाळी कधी बंद पडली ते कोणाला नक्की सांगता येत नाही. वरच्या अंगाला काजूसाठी डोंगर उघडे केले, दोन चिरेखाणी निघाल्या. त्यांची सुटी माती प्रत्येक पावसात तांबडी होऊन तळ्यात उतरू लागली. ती काढायला कोणी उरलं नाही.

अशा वेळी सुशोभीकरणाचा निधी आला. सगळ्या गावाला आनंद झाला, मलाही झाला. अंदाजपत्रक ग्रामसभेत कोणी वाचून दाखवलं नाही आणि आम्ही मागितलं नाही. ही चूक आमची. ठेकेदाराने मे महिन्यात जेसीबी आणि पोकलेन आणले. काठाला चारी बाजूंनी उभी काँक्रीटची भिंत, वर पेव्हर ब्लॉक, रेलिंग, बसायला बाकडी. तळ खोल करायचा म्हणून यंत्राने गाळ ओढता ओढता त्याच्याखालची चिकणमातीही ओढून काढली आणि पूर्वेच्या कोपऱ्यात कातळ उघडा पडला. आमच्या एका म्हाताऱ्या आजींनी तेव्हाच मशीनवाल्याला सांगितलं होतं, "बाबा रे, चिकणमाती लागली की थांब. ती माती काढशीत तर तळा गळतला." तिचं कोण ऐकणार? जुन्या तळ्यांच्या तळाशी असलेली चिकणमाती म्हणजे मडक्याच्या आतला लेप असतो. तो गेला की जांभा पाणी धरत नाही. आमच्या तळ्याचा तो कोपरा आता दिवाळीपर्यंतच भरलेला दिसतो. माझ्या वहीतले आकडे झपाट्याने घसरायला लागले ते त्याच वर्षापासून.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली आहे. ती पाण्याच्या हिशेबात बसत नाही, तरी लिहितो.

तळ्याचा सांडवा पूर्वी चिऱ्यांचा, पायरी पायरीने उतरत व्हाळात जाणारा होता. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की त्या रात्री चढणीचे मासे यायचे. मळये, शेंगट्या, खवळे खालच्या मळ्यांतून, व्हाळातून पाण्याच्या उलट वर चढत तळ्यात जायचे. ते तिथे अंडी घालणार हे ठाऊक असल्यामुळे, सांडव्याच्या वरच्या तीन पायऱ्यांवर हात घालायचा नाही असा गावाचा दंडक होता. खाली व्हाळात काय धराल ते धरा. सुशोभीकरणात ठेकेदाराने सांडवाही 'पक्का' केला. पायऱ्या गेल्या, छातीभर उंचीची सरळ भिंत आली. त्या वर्षी जूनमध्ये पहिल्या पावसाच्या रात्री लाईट गेली म्हणून मी मोटर बघायला निघालो होतो. सांडव्याखाली काहीतरी सपसप आवाज येत होता. बॅटरी मारली तर पाणी माशांनी पांढरं झालेलं. एक मासा उसळी घ्यायचा, ओल्या सिमेंटवर आपटायचा, घसरून खाली पडायचा, परत उसळायचा. भिंतीच्या पायाशी मेलेल्यांचा थर होता आणि पोटं अंड्यांनी फुगलेली. मी तिथे किती वेळ उभा होतो मला सांगता येणार नाही. एक टोपली आणली आणि जमतील तेवढे उचलून वर तळ्यात सोडले. सकाळी अंग भरून आलं होतं, तरी कामावर गेलो.

पुढच्या महिन्यात मी अर्ज घेऊन तालुक्याला गेलो. हे पाणथळ आहे, पाणथळ जागांचा कायदा आहे, मग हे काम असं कसं झालं, एवढंच विचारायचं होतं. तिथल्या साहेबांनी चहा दिला आणि सरळ भाषेत समजावलं. पाणथळ जागांचे २०१७चे नियम नद्यांच्या पात्रांना, भातशेतीला आणि पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी माणसाने मुद्दाम बांधलेल्या तळ्यांना लागू नाहीत. म्हणजे आमचं तळं, आमचा व्हाळ, आमचे मळे, तिन्ही त्या व्याख्येबाहेर. परतीच्या एसटीत मला हेच टोचत राहिलं की कोकणातलं बहुतेक गोडं पाणी असंच माणसांनी बांधलेलं किंवा वळवलेलं आहे. २ फेब्रुवारीला पाणथळ दिनाची चित्रं शाळेत काढली जातात, तेव्हा मुलं आमचंच तळं काढतात. त्यांना काय सांगायचं? हे नियम बदलायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. पण तोवर थांबून चालणार नाही.

आणि आपल्याकडे कायद्याची वाट न बघता पाणी राखलेलं आहेच की. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीचे मासे म्हणून तिथला मासा कोणी मारत नाही आणि म्हणूनच आज तिथे महसीर दिसतो. आपल्याच जिल्ह्यात दोडामार्गात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदलीतली राई गावाने देवाच्या नावाने शतकानुशतकं ठेवली. ती अवघी अडीच हेक्टरच्या आसपास आहे, पण अलीकडे सरकारने तिला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. आधी गावाने राखली, मग सरकारचा फलक लागला. चिपळूणकरांचं उदाहरण वेगळं आहे. २२ जुलै २०२१च्या पुराने शहर बुडालं, त्याच डिसेंबरात लोक साखळी उपोषणाला बसले आणि त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ निघायला सुरुवात झाली. बुडाल्यावर बसावं लागलं, याचं वाईट वाटतं.

आमच्या गावात तीन वर्षांपूर्वी जे सुरू झालं ते फार मोठं नाही. आधी सांडव्याचं काम केलं. भिंत तोडायची परवानगी मिळेना, म्हणून आम्ही अकरा जणांनी दोन रविवारी भिंतीच्या खालच्या अंगाने चिरे आणि धोंडे रचून तिरका चढ केला, मध्ये मध्ये पाणी थांबेल असे खळगे ठेवले. पुढच्या जूनमध्ये रात्री चार-पाच जण छत्र्या घेऊन बसून राहिलो. मळये वर चढले. सगळे नाही, शेंगट्या अजून अडकतात. यंदा चढ थोडा लांब करायचा आहे.

मग पाळी परत लावली. सातऐवजी आता चारच वाड्यांतून माणसं मिळतात आणि निम्म्याहून जास्त बायका आहेत, बचत गटाच्या. बांधावरची झुडपं त्यांनी पावसाआधी कोयत्याने कापून काढली. झाड मोठं होऊन उन्मळलं तर बांध घेऊन जातं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा विसर्जनानंतर निर्माल्य गोळा करायची पाळी त्यांच्याकडे दिली आहे. पहिल्या वर्षी दोघे आले, यंदा मुंबईहून आलेल्या पोरांनी स्वतःहून घरोघर जाऊन पुढच्या वर्षी शाडूचीच मूर्ती आणा म्हणून सांगितलं.

ग्रामपंचायतीच्या कपाटात एक जैवविविधता नोंदवही होती. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावात समिती आणि अशी नोंदवही असायला हवी. आमची कुणा बाहेरच्यांनी करून दिलेली, छान बांधलेली. त्यात आमच्या तळ्याबद्दल एक ओळ होती. यंदा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही ती उघडली आणि मासे कधी चढतात, कुठल्या बाजूला अंडी घालतात, अडई आणि वारकरी ही पाणपाखरं कधी येतात, उद (पाणमांजर) कुठे दिसला, चिकणमाती कुठवर आहे, हे जुन्या माणसांना विचारून लिहायला घेतलं. आजींनीही येऊन सांगितलं. आता पुढचं अंदाजपत्रक आलं तर ही नोंद त्याच्यासमोर ठेवता येईल.

एक प्रसंग मात्र लिहायलाच हवा. गेल्या मार्चमध्ये ओळखीची दोन पोरं पंपहाऊसवर आली. "अण्णानू, वायच टीसीएल देशात काय?" पिण्याच्या पाण्यात घालायची ब्लीचिंग पावडर माझ्या ताब्यात असते. कशाला म्हणून विचारलं तर हसली. मला कळलं. व्हाळाच्या कोंडीत पावडर टाकली की मासे वर येतात, गोळा करायला सोपं. मी दिली नाही, त्यांनी दुसरीकडून मिळवली. दुसऱ्या दिवशी कोंड बघायला गेलो. मोठे मासे त्यांनी नेले होते. राहिलं होतं ते बोटभर लांबीचं पिल्लू, झिंगे, बेडूक, पाण्यावर तरंगणारे मुठे (खेकडे). तळाशी एकही हालचाल नाही. जी पावडर मी ग्रॅमवर मोजून गावाच्या पाण्यात घालतो, तीच. पोलिसात जायच्या आधी मी त्या दोघांना तिथे घेऊन आलो आणि बसवलं. काही बोललो नाही. त्यातला एक आता मेच्या पाळीला येतो. दुसरा माझ्याशी बोलत नाही. पण ही पावडर कोणाला मिळते, किती मिळते याचा हिशेब प्रत्येक ग्रामपंचायतीने उघड ठेवावा, एवढी मागणी मी आपल्या वृत्तपत्रातून करतो. आपल्या बऱ्याच व्हाळांना या पावडरीचा वास येतो, हे मासे धरणाऱ्या कोणालाही विचारा.

आता निधीबद्दल. ज्या गावांची नावं यादीत आहेत त्यांनी कामाचं अंदाजपत्रक ग्रामसभेत मराठीत मोठ्याने वाचून घ्यावं. काठाची एक बाजू तरी मातीचीच, उतरती राहू द्यावी, गुरांना पाणी पिता येईल आणि बेडकाला वर येता येईल अशी. सांडव्याला उभी भिंत नको. गाळ काढताना गावातलं जुनं माणूस यंत्राशेजारी उभं हवं आणि ते थांब म्हणालं की यंत्र थांबलं पाहिजे. वरच्या डोंगराची माती अडवल्याशिवाय गाळ काढूच नये, कारण तो दोन पावसात परत भरतो. आणि निधीतला थोडा भाग दरवर्षीच्या राखणीसाठी, पाळीवर येणाऱ्यांच्या पेजेसाठी आणि खोऱ्या-घमेल्यांसाठी ठेवता येत असेल तर ठेवावा. बाकडी मागाहून होतील.

गोण्यांत माती भरून व्हाळावर घालतात त्या वनराई बंधाऱ्यांचंही तसंच. दरवर्षी उद्दिष्ट येतं आणि पुष्कळ बंधारे जानेवारीत, व्हाळ आटत आल्यावर, फोटोपुरते होतात. आपल्याकडे पाण्याची ओढ सुरू होते नेमकी भातकापणीत, जेव्हा कोणाला सवड नसते. म्हणून आम्ही ज्यांची शेती नाही त्यांना बंधाऱ्याची पाळी दिली आहे आणि तुळशीच्या लग्नाच्या आत बंधारा उभा करायचाच असं ठरवलं आहे. मागच्या वर्षी तो वेळेत झाला तर वरच्या तीन घरांच्या विहिरी शिमग्यापर्यंत उपसता आल्या. आणखी एक, ज्यांनी गोण्या लावल्या त्यांनीच मेअखेर त्या काढायच्या. नाहीतर पहिल्या पुरात त्यांच्या चिंध्या खाडीत जातात आणि जाळ्यांत येतात, देवबागच्या मच्छीमारांनी हे आम्हाला दाखवलं.

यंदाचा बंधारा येत्या रविवारी सकाळी सातला, देवळाखालच्या वळणावर. गोण्या एकशे चाळीस जमल्या आहेत, साठ कमी पडतात. मालवण-कुडाळ बाजूला कोणाचं घरबांधकाम चालू असेल आणि सिमेंटच्या रिकाम्या, न फाटलेल्या गोण्या असतील तर आपल्या कार्यालयात ठेवाव्यात, मी शनिवारी कामावरून सुटल्यावर येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक पंपचालक, ता. मालवण
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)